शाश्वततेसाठी जागतिक उपक्रम उभारताय? या चुका टाळा

सुरुवात बहुतेक ठिकाणी सारखीच होते. चार देशांतल्या संस्था होकार कळवतात, सामंजस्य करारावर सह्या होतात, पोस्टरवर लोगोंची रांग लागते. तीन-चार महिन्यांनी पाहावं तर ग्रुपवर नुसत्या शुभेच्छा आणि फॉरवर्ड. काम अडलं कुठे हे शोधायचं तर भागीदारांची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: ही संस्था नक्की काय देणार? माणसं, निधी, जागा की तांत्रिक मदत? रकाना रिकामा राहिला, तर त्या संस्थेला खुशाल हितचिंतक म्हणा, पण तिच्या भरवशावर तारखा जाहीर करू नका. बड्या संस्थेला हे विचारायला संकोच वाटतो. नेमकं तिथेच आधी विचारावं.

दुसरी चूक, सगळंच करायला जाणं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं स्वीकारली, म्हणून प्रस्तावात सतराही चिन्हं चिकटवायची गरज नसते. एस्टोनियातल्या स्वयंसेवकांनी २००८ मध्ये एकच काम धरलं: रानावनात बेकायदा टाकलेला कचरा एका दिवसात उचलायचा. ३ मे रोजी सुमारे ५० हजार लोक उतरले. सगळे त्या गर्दीचंच कौतुक करतात. पण त्याआधी स्वयंसेवकांनी कचऱ्याच्या हजारो जागा नकाशावर टिपून ठेवल्या होत्या, म्हणून कुठे जायचं हे आधीच ठरलेलं होतं. याच मोहिमेतून पुढे, २०१८ मध्ये, पहिला जागतिक स्वच्छता दिन झाला.

स्वयंसेवक गळायला लागले की आपण त्यांच्या निष्ठेवर घसरतो. आधी त्यांना काय काम दिलं होतं ते तपासा. ‘प्रचारात मदत हवी’ यावर कोणी काय करणार? ‘हे दोन पानी पत्रक शनिवारपर्यंत स्पॅनिशमध्ये करून द्या, शंका आली तर समन्वयकांना विचारा’ असं सांगितलं की काम होतं, आणि तो माणूस दुसरं कामही मागतो. कोणी गप्प झालं तर ग्रुपवर नाव घेऊन टोकू नका, वेगळा फोन करा.

वेळेचा घोळ क्षुल्लक वाटतो, पण माणसं दुखावतात ती इथेच. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतात, युरोपात शेवटच्या रविवारी, आणि अनेक देशांत सरकतच नाहीत. मधल्या दोन-तीन आठवड्यांत निम्मे लोक बैठकीला तासभर आधी किंवा नंतर उगवतात. निमंत्रणात स्थानिक वेळेसोबत यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळही लिहा. दरवेळी त्याच लोकांना मध्यरात्री जागवू नका, पाळी लावा. बैठकीतला निर्णय दोन-तीन दिवस लेखी खुला ठेवून मगच पक्का करा, म्हणजे झोपलेल्यांनाही बोलता येईल.

आकडे जुळत नाहीत? कोणी किलो मोजतं, कोणी पोती, कोणी नग. मोहीम संपल्यावर यावर इलाज नाही. १९८६ मध्ये टेक्ससच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या सफाईत स्वयंसेवकांना कचरा गोळा करता करता नोंदपत्रिकाही भरायची होती. आज आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मोहिमेत ही पद्धत अजून चालू आहे. तुमच्याही नोंदपत्रिकेचा नमुना पहिल्या दिवसाआधी ठरवा. फोटो आणि माहिती कोण, कशासाठी वापरू शकेल, हेही त्यातच लिहून टाका.

शेवटचं, वेबसाइट आणि ईमेलचे पासवर्ड. ते एकाच माणसाकडे असतील, तर आजच दुसऱ्या संस्थेतल्या एकाला अ‍ॅडमिन करा.