नाथसागरावर पक्षी पाहायचे तर आधी धरणाची टक्केवारी पाहावी

पैठणच्या नाथसागरावर पक्षी कधी पाहावेत, या प्रश्नाला ‘हिवाळ्यात’ एवढे उत्तर पुरत नाही. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. हे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा हा जलाशय पसरट आणि उथळ असल्यामुळे पाणी थोडे उतरले तरी काठ खूप मागे सरकतो आणि त्याच्याबरोबर पक्षीही सरकतात. म्हणून निघण्यापूर्वी वर्तमानपत्रात रोज येणारी जायकवाडीच्या जिवंत (वापरता येण्याजोग्या) साठ्याची टक्केवारी पाहावी. कालव्यांना रब्बीचे आवर्तन (पिकांसाठी ठरावीक पाळीने सोडलेले पाणी) सुटले असेल, तर मागच्या महिन्यात ज्या जागी पक्षी होते तेथे आता कोरडा गाळ असण्याची शक्यता धरावी.

नाशिक-अहिल्यानगरकडील पावसाने धरण भरते, तेव्हा काठ बुडालेले असतात व पाणपक्षी विखुरतात. त्या दिवसांत काठच्या बाभळींवर सुगरणीची घरटी पाहावीत. नोव्हेंबरपासून तलवार बदके, थापट्या, चक्रवाक ही बदके आणि वारकरी (कूट) हे पाणपक्षी दिसू लागतात. खरी समृद्धी मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात असते. पाणी उतरलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेरा करतात आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (बार-हेडेड गूज) या पिकांत चरायला उतरतात. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. थवा चरत असताना काही पक्षी मान ताठ ठेवून पहारा देतात. एकामागून एक बऱ्याच माना वर झाल्या की आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे आणि तेथेच थांबावे. हे पक्षी रात्री व पहाटे चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात, त्यामुळे सूर्योदयापूर्वी काठावर पोहोचणे सर्वांत चांगले. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी पाणी आणखी उतरण्याची वाट पाहावी लागते, कारण चोच उलटी बुडवून अन्न गाळून घ्यायला त्यांना उथळ पाणी सोयीचे पडते.

पैठणहून जवळ असलेले पिंपळवाडी आणि सोनेवाडीकडील काठ नवख्यांना सोयीचे आहेत. जलाशय येथून पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ऊन पाठीशी राहते आणि पिसांचे रंग नीट दिसतात. सायंकाळी तोच काठ डोळे दिपवतो. वाहन रस्त्यावरच उभे करावे. सुकलेल्या गाळाचा वरचा थर भेगाळलेला व टणक दिसला तरी खाली चिखल असू शकतो, म्हणून मासेमारांच्या किंवा गुरांच्या पायवाटेनेच चालावे आणि कोणाच्याही गाळपेऱ्यातून वाट काढू नये. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीण पुरेशी आहे, परंतु पाण्याचा विस्तार पाहता तिपाईवरील स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची, अधिक लांबचे दाखवणारी दुर्बीण) फार उपयोगी पडतो.

बेटांविषयी मात्र मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पाणी उतरताना उघडी पडणारी बेटे उन्हाळ्याच्या तोंडावर नदी सुरय (रिव्हर टर्न) आणि पाणभिंगरी (प्रॅटिनकोल) या पक्ष्यांच्या विणीच्या जागा होतात. त्यांची अंडी उघड्या जमिनीवरील खळग्यात असतात आणि त्यांचा ठिपकेदार मातकट रंग आजूबाजूच्या वाळूखड्यांशी इतका मिळताजुळता असतो की पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. माणूस बेटावर उतरला की पक्षी उडतात आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडी राहिलेली अंडी थोड्याच वेळात तापतात. म्हणून फेब्रुवारीनंतर बेटांवर उतरू नये, छायाचित्रासाठी होडी जवळ न्यायला सांगू नये आणि डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागले तर होडी तत्काळ मागे घ्यायला सांगावी. एवढी शिस्त पाळायची नसेल, तर काठावरूनच पाहावे.

पैठणला जाणे जमत नसेल, तर छत्रपती संभाजीनगर शहरातील सलीम अली सरोवरावर जांभळ्या पाणकोंबड्या, बगळे आणि खंड्या यांची सकाळच्या वेळी चांगली ओळख करून घेता येते.

आपल्या नोंदवहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्षिसंख्येबरोबर त्या दिवशीची धरणाची टक्केवारीही लिहावी. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी जमल्या की किती पाण्याला कोणता काठ गाठायचा, हे ज्याचे त्याला ठरवता येते.