युरोपातले उठाव आणि धर्म यांवर लिहिताय? या चुका टाळा

युरोपातले उठाव आणि धर्म या विषयावरचे एम.ए.चे निबंध मी बरीच वर्षं तपासतोय. विद्यार्थी बदलतात, चुका त्याच. पहिला परिच्छेद वाचला की चौथ्या पानावर काय घोळ घातलाय हे हल्ली कळतं.

आधी शब्दाचं बघा. 'रॅडिकल' म्हणजे अतिरेकी नव्हे. लॅटिनमधल्या 'मूळ' या अर्थाच्या शब्दावरून तो आलाय. मुळालाच हात घालणारा तो रॅडिकल. मराठीत त्याला 'मूलगामी' हा छान शब्द आहे, पण पोरं घाईत 'मूलतत्त्ववादी' लिहून मोकळी होतात. तो वेगळाच प्राणी. एका निबंधात तर मताधिकार मागणारे इंग्रज सैनिक पानभर 'कट्टरपंथी' म्हणून वावरत होते. फोनमधल्या भाषांतराची कृपा, दुसरं काय!

आता १५२५ च्या जर्मन शेतकरी उठावाबद्दलची नेहमीची चूक: 'धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर जर्मन शेतकऱ्यांच्या पाठीशी उभा राहिला.' हिला हसायचा हक्क मला नाही, कारण ती मी भर सभेत केलेली आहे. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत बोलायला बोलावलं. आदल्या रात्री एका गाईडवरून टिपणं काढली आणि ल्यूथर असा रंगवला की टाळ्या पडल्या. मग तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त हेडमास्तर उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सर, मग मे १५२५ मध्ये 'या शेतकऱ्यांना मारा, भोसका' असं लिहिणारा ल्यूथर दुसरा कोणी होता का?"

मी पाणी प्यायलो. सभा संपली तरी तोंडाची कोरड गेली नाही.

घडलं होतं ते असं. मार्च १५२५ मध्ये जर्मनीतल्या मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांच्या मागण्यांची बारा कलमं तयार झाली. गावाने आपला धर्मोपदेशक स्वतः निवडावा, हे पहिलंच कलम. तिसऱ्यात म्हटलंय की ख्रिस्ताने रक्त सांडून मेंढपाळापासून थोरामोठ्यांपर्यंत सगळ्यांना सोडवलंय, मग आम्ही भूदास, म्हणजे जमीनदाराला बांधलेले, कसे? अकराव्यात मागणी आहे की कर्ता माणूस मेला की विधवेकडून आणि पोरांकडून जो कर उकळतात तो बंद करा. यावर ल्यूथरने आधी सरदारांनाही झापलं, नाही असं नाही. पण भूदासांच्या मागणीवर त्याचं म्हणणं पडलं की ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचं असतं, अब्राहामाकडेही गुलाम होतेच. पुढे मे महिन्यात ती जळजळीत पुस्तिका आली. १५ मे रोजी फ्रँकेनहाउझेनला थॉमस म्युंट्सर या बंडखोर धर्मोपदेशकाच्या मागे जमलेले हजारो लोक कापले गेले आणि बारा दिवसांनी म्युंट्सरचंही शिर उडवलं. दोन्ही बाजूंच्या हातात बायबलच होतं.

इथेच दुसरी चूक चिकटून येते: 'मागण्या आर्थिक होत्या, धर्म नुसता मुलामा.' असं लिहिणाऱ्याने बारावं कलम वाचलेलं नसतं. त्यात शेतकरी म्हणतात, यातली एखादी मागणी देवाच्या वचनाला धरून नाही असं दाखवून द्या, आम्ही ती सोडून देतो. नुसता मुलामा द्यायचा असता तर ही अट कोणी गळ्यात बांधून घेतली असती? म्हणून मी कुठलंही मागणीपत्र शेवटच्या कलमापासून वाचतो. पद्धत म्हणून शिफारस नाही, माझी खोड आहे. तारखाही महिन्यासकट लिहितो. नुसतं '१५२५' लिहिलं की मार्च आणि मे एकमेकांत मिसळतात. तीन मिनिटांच्या व्हिडिओवर अभ्यास करणाऱ्यांना हे जड जातं. जाऊ दे.

'थॉमस पेन नास्तिक होता' हे महाराष्ट्रात तरी लिहू नका. जोतीराव फुल्यांनी ज्याचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं तोच हा अठराव्या शतकातला इंग्रज लेखक पेन. १७९४ च्या 'एज ऑफ रीझन'मध्ये तो चर्चची सालटी काढतो, पण सुरुवातीलाच एका देवावर विश्वास असल्याचं सांगून टाकतो. १७७६ मध्ये अमेरिकनांना राजेशाही नको हे पटवतानाही त्याने इस्रायली लोकांनी राजा मागितला तेव्हा बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याने दिलेला इशाराच काढला होता. फुल्यांनीही भटशाहीवर हल्ला चढवला, पण निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, सोडला नाही. लगेच 'निर्मिक म्हणजे पेनच्या देवाचं भाषांतर' असंही लिहू नका. उतावीळ मंडळी तिथेच घसरतात.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधले लेव्हलर आणि डिगर हे दोन गट एक नव्हेत: पहिल्यांनी १६४७ मध्ये पुटनीच्या चर्चमध्ये मताधिकारावर वाद घातला, दुसऱ्यांनी एप्रिल १६४९ मध्ये सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस टेकडीवरच्या पडीक सामाईक जमिनीत भाजी लावली. मार्क्सचं 'धर्म ही लोकांची अफू' हे वाक्य तोडून देऊ नका, त्याच ठिकाणी तो धर्माला पिडलेल्या जिवाचा उसासाही म्हणतो. फ्रेंच राज्यक्रांती पहिल्या दिवसापासून चर्चविरोधी नव्हती. जून १७८९ मध्ये गावोगावचे गरीब पाद्रीच तिसऱ्या वर्गाला, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधींना, जाऊन मिळाले, कायमची फाटाफूट चर्चला सरकारच्या हाताखाली आणणाऱ्या १७९० च्या कायद्यानंतरची. ॲनाबॅप्टिस्ट (मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारे) म्हटलं की त्यांच्या बंडखोर पुढाऱ्यांची प्रेतं ठेवलेले, जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या चर्चवर टांगलेले पिंजरे दाखवायचे, हाही आळसच. त्यांच्यातल्याच एका गटाने १५२७ मध्ये श्लाइटहाइमला तलवार नाकारली होती.

आणि म्युंट्सरला 'आद्य कम्युनिस्ट' म्हणणं सोडा. पूर्व जर्मनीच्या सरकारने पाच मार्कांच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला, हे खरं. पण आल्श्टेटच्या चर्चमध्ये त्याने लॅटिनऐवजी जर्मनमधून उपासना सुरू केली, त्याबद्दल यंदाच्या गठ्ठ्यात अजून एक ओळ सापडलेली नाही. अकरा निबंध झालेत, सात उरलेत.