मोकाट जनावरांपासून शेताला कुंपण घालताना कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात शेताला कुंपण घालण्याची सरसकट सक्ती शेतकऱ्यावर नाही. जनावर सुटून दुसऱ्याच्या पिकात शिरणार नाही, हे पाहणे जनावराच्या मालकाचे काम आहे. मात्र कुंपण घालायचे ठरवल्यास ते कोठे आणि कसे घालावे, याला कायद्याच्या मर्यादा आहेत.

पहिला खांब रोवण्यापूर्वी हद्द निश्चित करावी. बांध नांगरटीत सरकलेला असतो, म्हणून वाद असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करावा आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारा मोजणीचा नकाशा, हाती आल्यावरच काम सुरू करावे. हद्दीचे दगड हलवणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार दंडास पात्र आहे. सामाईक बांधावर कुंपण घालायचे असल्यास शेजाऱ्याची संमती आणि खर्चाची वाटणी लेखी ठेवावी. तोंडी शब्द पुढच्या पिढीला बांधून ठेवत नाही.

सर्वाधिक तंटे वाटेवरून होतात. गाव नकाशावरील पाणंद किंवा शेजाऱ्याची वहिवाटीची वाट तारेने बंद केल्यास, त्याला मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि अडथळा काढण्याचा आदेश होऊ शकतो. त्यामुळे अशा ठिकाणी बैलगाडी व ट्रॅक्टर जाईल एवढे फाटक आधीच ठेवावे.

घरगुती किंवा कृषिपंपाच्या जोडणीतून तारेत थेट वीज सोडणे हा तर जिवाशी खेळ आहे. त्यात माणूस दगावल्यास शेतमालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. राखणीचा हेतू होता, हा बचाव तेथे फारसा टिकत नाही. वीज हवीच असेल, तर क्षणभरच झटका देणारे प्रमाणित सौर कुंपण यंत्र वापरावे आणि तारेवर ठळक इशारा फलक लावावेत.

जनावर शिरलेच, तर त्याला मारू नये. जनावराला ठार किंवा जायबंदी करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जनावर ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात द्यावे; कोंडवाड्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मध्ये आहे, पण अनेक गावांत तो नावापुरताच उरला आहे. तसे असल्यास ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्यावी. भरपाई मागायची असल्यास पीक सावरण्याआधीच छायाचित्रे काढून पंचांसमक्ष पंचनामा करून घ्यावा.