रोजच्या शब्दकोड्यात सणवार आणि हंगाम कसे बसवायचे

सणाच्या दिवशी सणाचेच नाव उत्तर ठेवले की कोडे पहिल्या प्रयत्नात संपते. दसऱ्याला 'दसरा', दिवाळीत 'दिवाळी' हे सगळ्यांनाच सुचते, म्हणून ते ठेवू नये. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, २४ नोव्हेंबर २०२२ ला, वर्डलचे, म्हणजे रोज एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायच्या खेळाचे, उत्तर 'फीस्ट' म्हणजे मेजवानी होते. काहींना गंमत वाटली, पण तारखेवरूनच उत्तर ओळखता येत असेल तर डोके कशाला चालवायचे, अशी कुरकुरही झाली. नाशिकमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर, वाचनालयाच्या फळ्यावर किंवा वर्गात रोज एक शब्द द्यायचा असेल, तर सणाभोवतीच्या वस्तू, कामे आणि खाणे यांतून शब्द उचलावा आणि तो सणाच्या दोन-चार दिवस आधी किंवा नंतर टाकावा. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात 'परडी', दसरा उरकल्यावर 'खिरापत'. सणाच्या आठवड्यातही असे दोनच शब्द पुरेत. बाकीचे दिवस साधे शब्द ठेवले नाहीत तर लोक कोडे न वाचता कालनिर्णय बघून उत्तर देतात.

सगळ्यात जास्त घोळ अक्षरे मोजताना होतो. मराठी कोड्यात घर, म्हणजे एक चौकोन, अक्षराचे असते, वर्णाचे नाही. 'संक्रांत' तीन घरांचा शब्द आहे: सं, क्रां, त. संगणकाला मात्र अनुस्वार, हलन्त, काना हे सगळे वेगळे दिसते. जावास्क्रिप्टमधले नुसते 'लेंग्थ' वापरले तर 'संक्रांत'ची लांबी ८ येते आणि 'दिवाळी'ची ६. त्यासाठी ग्राफीम पातळीवर, म्हणजे डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षरावर, शब्द तोडणारा सेगमेंटर वापरावा लागतो, आणि तोही जुना असला तर जोडाक्षर फोडतो: सं, क्, रां, त अशी चार घरे पडतात. देवनागरी जोडाक्षरे एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्यामुळे एकाच शब्दाला एका फोनवर तीन घरे आणि जुन्या फोनवर चार घरे दिसू शकतात. खात्रीचा उपाय म्हणजे यादी बनवतानाच प्रत्येक शब्द हाताने तोडून ठेवणे: 'सं|क्रां|त'. दोनशे शब्दांची यादी असेल तर एका दुपारचे काम आहे, पण पुढे वर्षभर तक्रार येत नाही.

महिन्यांची नावे मोजून बघितली तर अंदाज येतो. चैत्र, ज्येष्ठ, पौष, माघ दोन अक्षरी. वैशाख, आषाढ, श्रावण, आश्विन, कार्तिक, फाल्गुन तीन अक्षरी. भाद्रपद आणि मार्गशीर्ष चार. म्हणजे एकाच लांबीचा खेळ ठेवला तर महिन्यांचा गट पुरा होत नाही. दोन अक्षरी शब्द कोड्याला फार तोकडे. होळी, पोळा, भोगी, गुढी, गौरी हे सगळे त्यातच अडकतात, त्यांना शब्दजाळ्यात, म्हणजे अक्षरांच्या चौकटीत लपलेले शब्द शोधायच्या कोड्यात, जागा द्यावी. तीन आणि चार अक्षरांत मात्र चंगळ आहे: पाडवा, तोरण, फराळ, करंजी, चकली, उटणे, भोंडला, श्रीखंड, हुरडा; आणि तिळगूळ, अनारसे, भाऊबीज, कडुनिंब, धुळवड, गारपीट, अवकाळी. पाच अक्षरांत पुरणपोळी, हळदीकुंकू, मंगळागौर, वसुबारस, शंकरपाळे.

शुद्धलेखन आधी पक्के करावे. एका वेलांटीवरून ग्रुपवर दिवसभर वाद चालतो आणि चूक कोडे घालणाऱ्याचीच निघते. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची भर हा पाया धरावा. अस्सल मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरे इकार-उकार दीर्घ, म्हणून गूळ, तिळगूळ, ऊस, गारपीट, आकाशकंदील. पण विभक्ती लागली की ऱ्हस्व होते: गुळाची पोळी, उसाचा रस. लोक सामान्यरूप डोक्यात ठेवून 'तिळगुळ' टाइप करतात, तेव्हा गू आणि गु वेगळे मोजायचे की नाही हे आधीच जाहीर करावे. 'ऋतू' एकटा लिहिला की दीर्घ, 'ऋतुचक्र' ऱ्हस्व. जिथे दोन रूपे खरोखर चालतात, जसे आश्विन आणि अश्विन, नवरात्र आणि नवरात्री, तिथे उत्तराच्या यादीत एकच रूप ठेवावे आणि अंदाज म्हणून दोन्ही स्वीकारावीत. इंग्रजी वर्डलनेही सुरुवातीपासून अशा दोन याद्या ठेवल्या: उत्तरे सुमारे २,३००, आणि चालणारे अंदाज दहा हजारांहून अधिक.

टायपिंगमधला एक छुपा दोष वारीच्या दिवसांत हमखास उगवतो. 'वाऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक तुलना करताना 'चूक' म्हणतो. तुलनेआधी दोन्ही एका रूपात आणावेत, म्हणजे बरोबर उत्तर चूक ठरत नाही. 'अॅ'चेही तसेच: कुठे एकच चिन्ह असते, कुठे अ आणि अर्धचंद्र वेगळे.

आता रंगांचा नियम. इंग्रजीत २६ अक्षरे, त्यामुळे हिरवा (अक्षर जागेवर), पिवळा (अक्षर आहे, पण दुसऱ्या घरात), राखाडी (अक्षरच नाही) एवढ्यावर भागते. मराठीत ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तरी ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. फक्त पूर्ण अक्षर जुळले तरच रंग द्यायचा म्हटले तर सहा प्रयत्नांत हाती काही लागत नाही. म्हणून चौथा रंग हवा, निळा ठेवू: त्याच घरात व्यंजन बरोबर, काना-मात्रा चुकीची. उत्तर 'रांगोळी' असताना कुणी 'आगळा' टाकले तर आ राखाडी, ग निळा, ळा निळा. पुढचा अंदाज लगेच सुचतो.

अक्षर दोनदा येणारे शब्द तपासल्याशिवाय खेळ सुरू करू नये. उत्तर 'पानगळ' आहे आणि अंदाज 'तिळगूळ'. शेवटचा ळ हिरवा, गू निळा, ति राखाडी. दुसऱ्या घरातला ळ? उत्तरात ळ एकच आहे आणि तो शेवटच्या घराने घेतला, म्हणून हा राखाडीच हवा. कोड लिहिताना आधी सगळे हिरवे ठरवून ती अक्षरे बाजूला काढावीत, मग उरलेल्यांतून पिवळे, डावीकडून उजवीकडे. हा क्रम उलटा झाला तर तो ळ पिवळा दिसतो आणि सोडवणारा बिचारा दोन ळ शोधत बसतो.

यादी भरताना सगळ्या महाराष्ट्राचा एकच सण समजू नये. नाशिकचे वेळापत्रक वेगळे चालते. इथे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात. त्या दिवशी जुन्या नाशकात शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, तांबट लेन या भागांतल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात आणि लोक रंगाच्या पाण्यात धप्पा मारतात. धुळवडीला मिरवणूक असते ती वीरांची, टाक घेऊन गोदाकाठी. म्हणजे धुळवडीच्या आठवड्यात 'मिरवणूक' आणि 'टाक', तर 'पिचकारी' आणि 'रहाड' चार-पाच दिवसांनी. येवल्यात संक्रांत तीन दिवसांची, भोगी, संक्रांत आणि कर, आणि पतंगाचा मांजा गुंडाळायला 'आसारी'. 'दिंडी' आणि 'पालखी' म्हणजे आषाढच, असे पंढरपूरच्या वाटेवर ठीक आहे. त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला भरते, तेव्हा हे शब्द जानेवारी-फेब्रुवारीतही चालतात. चैत्रात काळारामाचा उत्सव, कामदा एकादशीचे रथ आणि सप्तशृंगगडाची यात्रा आहे. तिथून गाठी, ओटी, चैत्रगौर, आंबेडाळ. मालेगाव-सटाण्याकडे अक्षय्य तृतीयेला 'आखाजी' म्हणतात.

हंगामाचे शब्द तर इथे सणांपेक्षा रोजच्या तोंडात असतात. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जानेवारीपासून काढणी, मग बेदाणा. कांद्यात लाल, रांगडा, उन्हाळ आणि साठवायला चाळ. पण 'रहाड' सिडकोत नव्याने आलेल्या कुटुंबाला माहीत नसतो, आणि 'आसारी' येवल्याबाहेर फारसा चालत नाही. असा शब्द बिनसूचनेचे उत्तर म्हणून ठेवला तर तो सोडवणाऱ्यावर अन्याय. एक ओळ सूचना द्यावी, 'येवल्याच्या गच्चीवर हिच्याशिवाय पतंग उडत नाही' एवढी पुरते, किंवा शब्दजाळ्यात टाकावा.

तारखा दरवर्षी नव्याने लावाव्यात. गेल्या वर्षीची यादी तारखांसकट उचलली की फसगत ठरलेली: गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला, मध्ये ज्येष्ठ अधिक आला म्हणून. १८ दिवस आधी 'मोदक' आणि 'मखर' येऊन गेले तर पुढे गणपतीत काय द्यायचे? हिंदी याद्यांवरून तयार केलेले वेळापत्रक तर मुळीच घेऊ नये. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. 'मंगळागौर' आषाढात पडलेली कुणाला खपत नाही.

सोळा शब्दांचे चार गट करायचे कोडे मराठीत सगळ्यात मजेचे होते, कारण एकच शब्द दोन गटांत बसू शकतो. एक नमुना घ्या. पेरणी, कोळपणी, छाटणी, मळणी. भारूड, गोंधळ, पोवाडा, लावणी. मृग, हस्त, मघा, उत्तरा. भोगी, वाण, हलवा, कर. 'लावणी' भाताचीही असते, म्हणून शेतीच्या गटात पाच दावेदार दिसतात. पण लोककलेत तिच्याशिवाय तीनच उरतात, तेव्हा तिला तिथेच जावे लागते. 'कर' आणि 'हस्त' दोन्ही हात, म्हणून जोडी लावायचा मोह होतो, पण हाताचा गटच नाही. असा चकवा घालताना एवढे बघावे की सोळा शब्दांची दुसरी कोणतीही मांडणी पूर्ण बसत नाही. 'चाळ' टाकण्याआधी दोनदा विचार करावा: कांद्याची, भाडेकरूंची आणि पायातले, तीन अर्थांत सगळे गट कोलमडतात.

शब्दजाळे दहा बाय दहाचे घेतले तर आठ-नऊ शब्दांची साधारण पस्तीस अक्षरे बसतात आणि पासष्ट घरे भरावी लागतात. इथली नेहमीची चूक म्हणजे मोकळ्या घरांत क, म, ट, प अशी बोडकी व्यंजने भरणे. मग काना-वेलांटी असलेली अक्षरे दुरूनच उठून दिसतात आणि शब्द न शोधता सापडतो. भरावाची अक्षरे दुसऱ्या सणांच्या शब्दांतून उचलावीत, म्हणजे रां, ळी, णे, क्र सगळे मिसळते. जाळ्यात 'करंजी' आहे तर भरावात 'रंगीत'मधला रं आणि 'भाजी'मधला जी एकदा तरी यावा. भरून झाल्यावर सगळ्या ओळी, उभ्या, आडव्या आणि तिरप्या, मोठ्याने वाचाव्यात. नकळत शिवी तयार होणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ती सर्वांत आधी मुलांनाच दिसते. जाळे व्हॉट्सअॅपवर मजकूर म्हणून पाठवू नये, अक्षरांची रुंदी कमीजास्त असल्याने रकाने सरकतात. तक्त्यात एका घरात एक अक्षर टाइप करून त्याचे चित्र पाठवावे.

सोडवणाऱ्यांसाठी एवढेच, की पहिला अंदाज सणाच्या नावाचा वाया घालवू नये. साधी व्यंजने आणि एखादा काना असलेला 'नारळ'सारखा शब्द आधी टाकावा, निळे घर मिळाले की त्याची बाराखडी चालवावी.

नवीन महिन्याची यादी लावण्याआधी ती दोघांना सोडवायला द्यावी: एक पंचवटीत वाढलेला आणि एक नोकरीसाठी बाहेरून आलेला. पहिल्याला दोन प्रयत्नांत आणि दुसऱ्याला मुळीच न सुटलेला प्रत्येक शब्द सूचनेच्या यादीत हलवावा.