चंद्रावरील खनिजे वर्णपटावरून कशी ओळखावीत

चंद्रावर उतरलेल्या यानाची मोजमापे अभ्यासायला घेताना संबंधित वर्णपटमापक मूलद्रव्ये मोजतो की खनिजे, हे सर्वप्रथम पाहावे, कारण बातम्यांमध्ये या दोहोंची सर्रास गल्लत होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरल्यानंतर प्रज्ञान रोव्हरवरील लिब्स उपकरणाने लेसरच्या झोताने मातीचा अंश प्लाझ्मात (अतितप्त, विद्युतभारित वायूत) बदलून त्या प्रकाशात गंधकाच्या रेषा टिपल्या, तर एपीएक्सएस उपकरणाने क्युरियमच्या किरणोत्साराने माती उद्दीपित करून १०३ मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी तिची रासायनिक घडण मोजली. ही दोन्ही उपकरणे मूलद्रव्यांची आहेत. मॅग्नेशियम किती आहे हे त्यांवरून कळते, पण ते ऑलिव्हीन या खनिजात आहे की पायरॉक्सीन या खनिजात, याचे अनुमान प्रमाणांवरूनच बांधावे लागते. खनिज थेट ओळखायचे असेल तर परावर्तित सूर्यप्रकाशाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परततो याचा आलेख, हवा; खनिज ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषते तेथे या आलेखात खळगा पडतो, त्यालाच पट्टा म्हणतात. असा वर्णपट चीनच्या चांग-ई-४ मोहिमेत यूटू-२ रोव्हरने, तर चांग-ई-५ मध्ये खुद्द लँडरने घेतला. चांग-ई-५ च्या उपकरणाचा पल्ला ४८० ते ३२०० नॅनोमीटर असल्याने हायड्रॉक्सिलचा (पाण्याशी निगडित ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा) ३ मायक्रॉनजवळचा, म्हणजे ३००० नॅनोमीटरजवळचा, पट्टाही त्यात सापडतो.

वर्णपट हाती आला म्हणून लगेच त्यात पट्टे शोधू नयेत. मातीवरून आलेल्या प्रकाशाला यानासोबत नेलेल्या पांढऱ्या प्रमाणफलकावरून आलेल्या प्रकाशाने भागल्यावर परावर्तन मिळते, आणि माझ्या मते सर्वाधिक काळजी या भागाकारातच घ्यायला हवी. दोन्ही मोजमापांच्या वेळी सूर्य किती उंचीवर होता, फलकावर धूळ बसली होती का, संवेदकाचे तापमान बदलले होते का, आणि मोजलेल्या ठिपक्यावर यानाची किंवा एखाद्या खड्याची सावली पडली होती का, हे सोबतच्या छायाचित्रांवरून व नोंदींवरून पडताळावे. लँडरच्या पायाशी घेतलेला वर्णपट तर जरा संशयानेच वाचावा, कारण उतरताना इंजिनाच्या झोताने वरची बारीक धूळ उडते आणि भोवतालची जमीन मूळच्यापेक्षा उजळ दिसू लागते. २.५ मायक्रॉनच्या पुढे तापलेल्या जमिनीचे स्वतःचे उत्सर्जनही मिसळते. ते वजा केल्याशिवाय पाण्याविषयी काहीही बोलू नये.

यानंतर पट्ट्यांकडे वळावे. पायरॉक्सीन १ आणि २ मायक्रॉनजवळ असे दोन पट्टे देते, आणि त्यातील कॅल्शियम वाढत गेले की दोन्ही पट्टे लांब तरंगलांबीकडे सरकतात. ऑलिव्हीनचा १ मायक्रॉनच्या किंचित पुढचा पट्टा रुंद असतो व त्याला २ मायक्रॉनचा जोडीदार नसतो. प्लॅजिओक्लेज या फिकट रंगाच्या खनिजाचा १.२५ मायक्रॉनजवळचा पट्टा इतका क्षीण असतो की थोडेसे पायरॉक्सीनही तो झाकून टाकते. इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचे खनिज काळेच दिसते. शिवाय सौरवारा (सूर्याकडून येणारा भारित कणांचा प्रवाह) आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने तयार झालेले लोहाचे अतिसूक्ष्म कण जुन्या मातीचे सगळेच पट्टे उथळ करतात, म्हणून निवड करता येत असेल तर ताज्या विवराची कड किंवा उघडा खडक घ्यावा.

एकाच वर्णपटाचे दोन अर्थ निघू शकतात. २०१९ मध्ये यूटू-२ च्या पहिल्या मोजमापांवरून ऑलिव्हीन आणि कमी कॅल्शियमचे पायरॉक्सीन असल्याचे, म्हणजे चंद्राच्या प्रावरणातील (कवचाखालच्या थरातील) द्रव्य वर आले असावे असे, मांडले गेले. नंतरच्या विश्लेषणांत मात्र प्लॅजिओक्लेज अधिक आणि ऑलिव्हीन थोडे, असे निष्कर्ष निघाले. पट्टे मिसळलेले असतात तेथे अहवालात एकच नाव न देता संभाव्य मिश्रणे द्यावीत.

सरावासाठी मराठवाड्यातील महाविद्यालयांना दूर जावे लागत नाही. जालना, बीड किंवा नांदेडच्या खडी क्रशरवरचा काळा दगड हा दख्खनचा बेसाल्ट असून त्यात प्लॅजिओक्लेज व पायरॉक्सीन ही चंद्राच्या काळ्या मैदानांतलीच मुख्य खनिजे आहेत. (लोणारचे विवर जालन्याहून जवळ असले तरी तो परिसर संरक्षित आहे, तेथील दगड उचलू नयेत.) नुकताच फुटलेला तुकडा घ्यावा, मुरूम घेऊ नये, कारण पाण्याने झिजलेल्या त्या दगडात चिकणमातीची खनिजे तयार झालेली असतात. दगडाच्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइटचे खडे असतील तर ते चिमट्याने वेगळे करावेत. त्यांतील पाण्याचे १.४ व १.९ मायक्रॉनचे पट्टे राहिले तर दुसरा पट्टा पायरॉक्सीनच्या २ मायक्रॉनच्या पट्ट्यात मिसळून फसवतो, आणि चंद्रावरील माती इतकी कोरडी असते की तेथे ही अडचण येत नाही. नळजोडणीच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे बरेच थर एकावर एक गुंडाळून कामचलाऊ प्रमाणफलक तयार होतो. साधा सिलिकॉन संवेदक १ मायक्रॉनच्या आसपासच थांबतो, त्यामुळे त्यावर पट्ट्याची केवळ सुरुवात दिसते. दुसऱ्या पट्ट्यासाठी जवळच्या अवरक्त पल्ल्याचे उपकरण असलेली प्रयोगशाळा गाठावी. दगडाची पूड चाळून घ्यावी व चाळणीचे माप वहीत लिहावे, कारण पूड जितकी बारीक तितका वर्णपट उजळ आणि पट्टे उथळ होतात, आणि दाण्यांचा आकार माहीत नसलेल्या दोन वर्णपटांच्या पट्ट्यांच्या खोलीची तुलना करता येत नाही.