स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पुरुषांनी या चुका टाळाव्यात

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील जवळपास दर तीन स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा, किंवा अन्य कोणाकडून लैंगिक हिंसा सोसावी लागते. ही हिंसा करणारे बहुतांश पुरुष असल्यामुळे ती थांबवण्याच्या कामात पुरुषांनी उतरले पाहिजे, हे आता बहुतेकांना पटते. मात्र तळमळीने उतरलेले पुरुषही काही ठरावीक चुका करतात आणि त्यांची किंमत अनेकदा त्यांना नव्हे, तर एखाद्या स्त्रीला मोजावी लागते. या चुकांच्या मुळाशी बहुधा एकच उलटापालट असते : जिथे स्त्रीचे ऐकायचे तिथे पुरुष बोलतो, आणि जिथे पुरुषांशी बोलायचे तिथे तो गप्प बसतो.

‘मी तर हात उचलत नाही’ एवढ्यावर थांबणे

६ डिसेंबर १९८९ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरातल्या एका अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत एका बंदूकधारी पुरुषाने १४ स्त्रियांची हत्या केली. त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातील काही पुरुषांनी पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली, जी पुढे अनेक देशांत पोहोचली. या मोहिमेतील प्रतिज्ञेचे तीन भाग आहेत : स्त्रियांवर हिंसा करणार नाही, हिंसेचे समर्थन करणार नाही आणि हिंसेबद्दल मौन बाळगणार नाही. बहुतेक सज्जन पुरुष पहिला भाग पाळतात आणि आपले कर्तव्य झाले असे मानतात. कस लागतो तो तिसऱ्या भागात, कारण तो परक्यांसमोर नव्हे, तर आपल्याच मित्रांसमोर पाळावा लागतो.

मित्र गप्पा मारत बसले आहेत आणि त्यांच्यातला एक सहज म्हणतो, ‘बायकोला जरा धाकात ठेवावंच लागतं.’ बाकीचे हसतात. अशा वेळी भाषण देण्याची गरज नसते, पण हसण्यात सामील न होता शांतपणे ‘धाकात ठेवतोस म्हणजे नेमकं काय करतोस?’ एवढे विचारले, तरी वातावरण बदलते. प्रश्न ऐकल्यावर बोलणाऱ्याला आपल्या वाक्याचा अर्थ स्वतः सांगावा लागतो आणि मनातून अस्वस्थ झालेल्या इतरांनाही आपण एकटे नाही हे कळते. सर्वांसमोर त्याला खजील करण्यापेक्षा नंतर एकट्याला गाठून बोलणे अधिक उपयोगी पडते. मात्र ‘नंतर बोलू’ असे मनाशी म्हणून तो विषय कायमचा सोडून देणे, हीच सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

रक्षकाची भूमिका घेणे

‘तिच्या जागी तुझी आई-बहीण असती तर?’ हा प्रश्न चांगल्या हेतूने विचारला जातो, पण त्यातून स्त्रीची सुरक्षितता तिच्या पुरुषाशी असलेल्या नात्यावर टांगली जाते. जी कोणाचीच आई किंवा बहीण नाही, तिलाही मार न खाण्याचा तेवढाच अधिकार आहे. शिवाय धोका बाहेरून येतो आणि घरातला पुरुष रक्षण करतो, ही समजूतच वास्तवाला धरून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५,००० स्त्रिया व मुलींची हेतुपुरस्सर हत्या झाली आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के हत्या जोडीदाराने किंवा कुटुंबातील व्यक्तीने केल्या. रक्षणाच्या नावाखाली मुलीचे बाहेर जाणे, तिचा फोन आणि तिच्या मैत्रिणी यांवर पहारा ठेवला, तर हिंसा कमी होत नाही. फक्त नियंत्रण करणारा बदलतो.

तिने सांगितल्यावर प्रकरण आपल्या हातात घेणे

सर्वांत घातक चुका इथे होतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. एखादी सहकारी, शेजारीण किंवा नात्यातली स्त्री घरी होणाऱ्या मारहाणीबद्दल सांगते, तेव्हा ऐकणाऱ्या पुरुषाचे रक्त तापते आणि तो तडक तिच्या नवऱ्याला जाब विचारायला निघतो. तो जाब विचारून परततो, पण ती त्याच घरात राहते. आपण बाहेर बोललो हे नवऱ्याला कळल्याचे परिणाम त्या रात्री तिलाच भोगावे लागतात. म्हणून तिच्या संमतीशिवाय त्याच्याशी, तिच्या माहेरी किंवा आणखी कोणाशी एक शब्दही बोलू नये. याला अपवाद एकच, तो म्हणजे जीव धोक्यात आहे असे दिसत असताना तातडीची मदत बोलावण्याचा.

‘मग तू इतके दिवस का राहिलीस?’ हा प्रश्नही टाळावा, कारण तो तिला आरोपीच्या जागी उभे करतो. पैसा, मुले, निवारा आणि भीती ही राहण्याची कारणे असतातच. शिवाय नाते तोडण्याचा काळ आणि त्यानंतरचे काही महिने हाच अनेकदा सर्वाधिक धोक्याचा काळ असतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. ‘आजच बाहेर पड’ असा आग्रह त्यामुळे जिवावर बेतू शकतो. नवऱ्याने कधी गळा दाबला आहे का, शस्त्र दाखवले आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली आहे का, यांपैकी कशाचाही उल्लेख तिच्या बोलण्यात आला, तर धोका गंभीर आहे असेच समजावे. विशेषतः गळा दाबण्याचा प्रकार एकदा जरी घडला असला, तरी पुढे हत्या होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. अशा वेळी प्रशिक्षित समुपदेशकापर्यंत किंवा महिला हेल्पलाइनपर्यंत पोहोचण्यासाठी तिला मदत करावी.

दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणे हीदेखील तशीच चूक आहे. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर ती खरे बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याचा हिशेब चुकता केला जातो. तिचा फोन तो तपासत असण्याची शक्यता गृहीत धरून ‘काल पुन्हा मारलं का?’ असले संदेशही पाठवू नयेत. संपर्क कधी आणि कसा करायचा हे तिलाच विचारावे. ‘तू सांगतेस त्यावर माझा विश्वास आहे, यात तुझी चूक नाही, आत्ता तुला माझ्याकडून काय हवं आहे?’ एवढे विचारून उत्तराची वाट पाहावी. ती परत त्या घरी गेली तरी रागावून संबंध तोडू नये, कारण पुढच्या वेळी तिला आपल्याकडे येता आले पाहिजे.

दारू आणि राग यांवर खापर फोडणे

‘तो माणूस चांगला आहे, प्याला की ताबा सुटतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. दारूमुळे हिंसेची शक्यता आणि तीव्रता वाढते, हे खरे आहे. परंतु ज्याचा ताबा सुटतो तो वरिष्ठांवर हात उगारत नाही. अनेकदा कपड्यांखाली झाकला जाईल असाच मार देतो. याचा अर्थ तो पुरेसा भानावर असतो. अमेरिकेतील डुलुथ शहरात १९८० च्या दशकात हिंसा सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांवरून एक आकृती तयार झाली. पैसे अडवणे, माणसांपासून तोडणे, मुलांचा वापर करणे आणि धमक्या देणे या गोष्टी सत्ता व नियंत्रणाच्या एकाच चक्राचे भाग असल्याचे तिने दाखवून दिले. म्हणून मित्राने दारू सोडली की प्रश्न सुटला असे मानू नये. त्याच्या बायकोला स्वतःचे पैसे खर्च करता येतात का, ती न घाबरता त्याला नाही म्हणू शकते का, याकडे पाहावे.

‘सगळेच पुरुष तसे नसतात’ असे उत्तर देणे

हे खरे असले, तरी कोणी आपला अनुभव सांगत असताना ते बोलण्याचे कारण नाही. पुरुषांवर होणारे अत्याचारही खरे आहेत आणि त्यांची दखल स्वतंत्रपणे, गांभीर्याने घेतली पाहिजे. स्त्रीचे बोलणे अडवण्यासाठी ते पुढे करू नयेत.

व्यासपीठ ताब्यात घेणे

दरवर्षी २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या काळात चालणाऱ्या, स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या सोळा दिवसांच्या जागतिक मोहिमेत अनेक संस्था पुरुषांना बोलावतात. थोडेसे बोललेल्या पुरुषाचेही अशा ठिकाणी भरभरून कौतुक होते आणि वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या स्त्रिया मागच्या रांगेत राहतात. पुरुषांच्या गटाने कार्यक्रम आखण्याआधी स्थानिक स्त्री-संघटनांना विचारावे आणि त्यांच्या निवारागृहांचा किंवा समुपदेशन केंद्रांचा निधी आपल्याकडे वळणार नाही याची काळजी घ्यावी. वक्ता म्हणून बोलावल्या जाणाऱ्या पुरुषाच्या घरातील आणि कार्यालयातील वर्तनाबद्दल तक्रारी असतील, तर त्या झाकू नयेत. कामाचा परिणाम तपासताना किती पुरुष जमले आणि किती जणांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या, एवढेच मोजून भागत नाही. काही महिन्यांनी त्या पुरुषांच्या घरातील आणि कामाच्या ठिकाणच्या स्त्रियांना, त्यांचे नाव उघड होणार नाही अशा रीतीने आणि शक्यतो स्त्री कार्यकर्त्यांमार्फत, वागण्यात काय बदलले हे विचारावे आणि पुढची आखणी त्या उत्तरांवरून करावी.