लिनोकटच्या वीस प्रती काढताना या चुका टाळा

लिनोलियम कोरून केलेल्या एकाच ठोकळ्यावरून वीस छाप काढले आणि वीसही वेगळे निघाले, की "हाताचं काम आहे, फरक पडणारच" असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. फरक जरूर असावा, पण तो आपण ठरवलेला असावा.

मराठवाड्यात पहिला घोळ उन्हाळा घालतो. दुपारी पारा चाळिशीपार गेला, की पाण्याची शाई पसरायच्या काचेवरच सुकते. पहिली प्रत गर्द, पाचवी पांढुरकी. तेलाची शाई उलट पातळ होते आणि बारीक रेषा बुजवते. तिच्यात चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट, म्हणजे शाई घट्ट करणारी पांढरी पूड, घोटा आणि छपाई सकाळीच उरका. रोलर फिरवताना बारीक चरचर ऐकू यावी. चपचप आवाज आला तर शाई जास्त झाली.

दुसरा घोळ कूलरचा. दमट हवेत कागद फुगतो. मी ज्वारीच्या कणसाचा पहिला रंग कोरड्या सकाळी छापला, दुसरा दुपारी कूलरसमोर. दाणे कणसातून सरकले, अख्खी थप्पी वाया गेली. आता दोन रंगांच्या मधल्या वेळात कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवते.

दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचा हातकागद मला फार आवडतो. पण हातकागदाच्या कडा सरळ नसतात, जाडीही ताव-तावाला बदलते. कडेला टेकवून रंग जुळवू नका, एक कोपरा काटकोनात कापून घ्या. जाड-पातळ ताव आधीच वेगळे करा आणि छाप उमटवायला कागदाच्या पाठीवरून जो चमचा घासतो, तो जाड तावावर जास्त जोराने घासा.

एकच ठोकळा कोरत कोरत रंग चढवणार असाल, तर वीस प्रतींसाठी पंचवीस ताव घ्या. कोरलेलं परत येत नाही, त्यामुळे बिघडलेली प्रत पुन्हा छापता येत नाही.

अक्षरं उलटी कोरायची, हे तर आलंच.

आणि खरोखर वेगळेपण हवं असेल तर नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंककडे बघा. तो लाकडी ठोकळा करवतीने कापायचा, तुकड्यांना वेगवेगळी शाई लावायचा आणि पुन्हा जोडून एकदम छापायचा. ठोकळा तोच, पण रंग बदलला की चित्रातली संध्याकाळही बदलायची. असं काम केलंत तर प्रतीखाली पेन्सिलीने ३/२० (विसातली तिसरी) लिहिताना शेजारी 'ई. व्ही.', म्हणजे प्रत्येक प्रत वेगळी असलेली आवृत्ती, असं लिहा, घेणाऱ्याला कळू द्या, की तिच्या बाकीच्या एकोणीस बहिणी तिच्यासारख्या दिसत नाहीत.